सायकली किती ठेवायच्या आणि त्या कशा जोडायच्या

मी सदाशिव पेठेत राहते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आज घरात तीन सायकली आहेत. चार वर्षांपूर्वी पाच होत्या आणि त्यातली एकही सकाळी उचलून थेट रस्त्यावर नेण्याच्या लायकीची नसायची. एकीची हवा गेलेली, दुसरीची चेन गंजलेली, तिसरीचे ब्रेक-रबर काढून चौथीला लावलेले. म्हणून "किती सायकली घेऊ?" असं कुणी विचारलं की मी विचारते, "कायम तयार अशा किती ठेवू शकाल?"

आकडा ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तीन महिने रोजच्या चौकोनात लिहा: कुठे गेलात, किती किलोमीटर, सोबत ओझं काय, पाऊस होता का. त्यातला निदान एक महिना पावसाळ्यातला हवा, नाहीतर हिशेब खोटा निघतो. माझ्या कॅलेंडरवर निघालं ते असं: आठवड्यातून पाच दिवस डेक्कनपलीकडे नोकरी आणि येताना मंडईतून भाजी, रविवारी सिंहगड किंवा बोपदेव घाट, आणि वर्षाकाठी तीन-चार ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या. घडीच्या सायकलीची नोंद शून्य. माउंटन बाइक दोनदाच बाहेर पडली, तीही डांबरी रस्त्यावर. दोन्ही देऊन टाकल्या.

मग प्रश्न आला, रोजची आणि लांबची एकच सायकल का नको? इथे मी घड्याळ लावलं. कॅरिअर आणि मडगार्ड काढून पुन्हा बसवायला मला ४० मिनिटं लागली. सोमवारी सकाळी ते कोण करणार? पाच मिनिटांत बदल होत असेल तर दुसरी सायकल घेऊ नका, अर्धा तास लागत असेल तर घ्या.

आता जोडणीचं. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी शिरवळजवळ रात्री शिकले. ३०० किलोमीटरची ब्रेव्हे होती, २० तासांची मुदत. पंक्चर झालं. पिशवी उघडली तर ती रोजच्या सायकलीची निघाली. आत ट्यूब होती, पण मोटरसायकलसारख्या जाड वॉल्व्हची, आणि लांबच्या सायकलीच्या रिमचं भोक बारीक वॉल्व्हचं. जाड वॉल्व्ह त्यातून जाईना. एका सहप्रवाशाने ट्यूब दिली म्हणून मुदतीत पोचले. घरी आल्यावर दोन्ही सायकलींचे सुटे भाग एकच करायचं ठरवलं.

तेव्हापासून दोघींना ७००सी मापाची चाकं, बारीक वॉल्व्ह, एकाच मापाची ट्यूब. दोघी नऊ-स्पीड, म्हणजे मागे नऊ दातेरी चक्रं, त्यामुळे चेन आणि कॅसेट (त्या चक्रांचा संच) एकमेकींना चालतात. पेडल सारखी. पुढचा ब्रेक दोघींवर उजव्या हाताला. हे जरूर करा, कारण घाटउतारावर हात सवयीनेच दाबतो, तिथे विचाराला वेळ नसतो. सुट्या भागांचा घरात आता एकच डबा आहे.

गिअर निवडताना दुकानातलं ऐकण्याआधी आपला चढ मोजा. सिंहगडाचा रस्ता पायथ्यापासून वर साधारण ९ किलोमीटर आणि चढ जवळपास ६०० मीटर, म्हणजे सरासरी साडेसहा टक्के, मध्ये त्याहून बराच तीव्र. पूर्वी माझ्या सायकलीला पुढे ३४ आणि मागे २८ दात होते. पेडलच्या एका फेऱ्याला सायकल सुमारे २.६ मीटर जायची आणि गुडघे दुखायचे. मागे ३२ दातांची कॅसेट लावली, अंतर २.२५ मीटरवर आलं. मिनिटाला ६० फेरे मारले तरी ताशी आठ किलोमीटरने वर पोचते, आणि दुसऱ्या दिवशी जिना चढता येतो.

रोजच्या सायकलीला स्टीलची फ्रेम, ३६ तारांची चाकं आणि ३२ मिलिमीटरचे टायर घ्या. भाजीची पिशवी आणि खड्डे मागचं चाकच सोसतं. पावसात बरीच चालवणार असाल तर डिस्क ब्रेक बरा. रिम-ब्रेकच्या रबरात चिखलाची कच अडकते आणि रिम घासून पातळ होते.

सायकल स्वतः जोडायला घेतलीत तर आधी बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाचं बेअरिंग) आणि हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बसवा, मग चिमटा (पुढचं चाक धरणारा), चाकं, क्रँक (पेडलचे दांडे), डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग), ब्रेक. चेन आणि केबल शेवटी. प्रत्येक आट्याला ग्रीस लावा, सीटच्या दांड्यालाही, नाहीतर दोन पावसाळ्यांत तो फ्रेममध्ये अडकून बसतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात आणि इंग्लिश आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये उजव्या कपाचे. मी असं लक्षात ठेवते: पाना वरच्या बाजूला धरून पेडल पुढच्या चाकाकडे आवळायचं, बॉटम ब्रॅकेट मागच्या चाकाकडे.

चेनची लांबी ठरवताना ती डिरेलरमधून न ओवता पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रांवरून गुंडाळा. दोन टोकं जिथे जुळतात त्याच्यापुढे आणखी दोन कड्या ठेवून तोडा. पुढे झीज पाहायला स्टीलची पट्टी पुरे. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. पट्टीवर एक सोळांश इंच वाढ दिसली की मी चेन बदलते, कॅसेट वाचते.

तिसरी सायकल बाबांची, काळी, सळईच्या ब्रेकची. तिचा कुठलाच भाग त्या डब्यातला नाही. तिच्या टायरवर २८ × १½ लिहिलेलं असतं आणि ७००सीलाही लोक अठ्ठावीसच म्हणतात, पण हिच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर, त्या दोघींचा ६२२. टायर अदलाबदल करायला जाऊ नका, बसणार नाही. कॉटर पिना (क्रँक आसाला पक्की करणाऱ्या) आणि छर्रे तिच्यासाठी वेगळ्या बरणीत ठेवलेत. दर गुरुवारी मी तिच्यावरून फुलं आणायला जाते, म्हणून ती मोजणीत आहे. गुरुवार चुकायला लागले तर तीही मी चालवणाऱ्या माणसाला देईन.

नवी जोडलेली सायकल पहिल्याच दिवशी घाटात नेऊ नका. पाच किलोमीटर फिरून या आणि हँडल, क्रँक, सीट पुन्हा आवळा. नव्या केबल ताणतात, त्याही घट्ट करा. शंभर किलोमीटर झाले की चाकाच्या तारा एकेक छेडून पाहा. मागच्या चाकात दोन बाजूंचा सूर वेगळा असतो, पण एकाच बाजूच्या तारांत एखादी ढप्प वाजली तर चाकाचा आउट (डगमग) काढून घ्या.