वाय-फाय संथ चालतंय? नवा राउटर घेण्याआधी हे तपासा

वाय-फाय रखडायला लागलं की घरात पहिला सूर निघतो तो नवा राउटर आणायचा. बऱ्याचदा राउटर ठणठणीत असतो. तो चुकीच्या कोपऱ्यात बसवलेला असतो, फोन भलत्याच बँडला (वाय-फायच्या लहरींच्या पट्ट्याला) चिकटलेला असतो, नाहीतर मधली एखादी वायर गेलेली असते. इंटरनेट तुमच्यापर्यंत दोन टप्प्यांत येतं: कंपनीच्या लाइनमधून राउटरपर्यंत, आणि तिथून हवेतून फोनपर्यंत. हे दोन टप्पे वेगवेगळे मोजल्याशिवाय केलेला खर्च म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

आधी वायर लावून मोजा

लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि लॅन केबलने तो थेट राउटरच्या लॅन पोर्टला (घरातली उपकरणं जोडायच्या खाचेला) जोडा. घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही तेवढ्यापुरते नेटवरून काढा. मग स्पीड टेस्ट करा: एकदा सकाळी, एकदा रात्री ९ च्या सुमारास, एकदा मध्यरात्रीनंतर. आकडे लिहून ठेवा. फक्त रात्री ९ लाच वेग कोसळत असेल, तर गर्दी कंपनीच्या लाइनवर आहे. घरात काहीही बदललं तरी फरक पडणार नाही. हे आकडे दाखवून तक्रार करा. एक लक्षात ठेवा: प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो, डाउनलोड मात्र बऱ्याचदा मेगाबाइटमध्ये दिसतं. १०० मेगाबिटचा प्लॅन म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट.

प्लॅन २०० किंवा ३०० चा, आणि आकडा मात्र दिवसाच्या कुठल्याही वेळी ९४-९५ वर अडकलेला, असं दिसलं तर संशय आधी केबलवर घ्या. गिगाबिट (१००० मेगाबिट) वेगासाठी केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. एक तार तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, की दोन्ही बाजूंची उपकरणं गुपचूप १०० वर उतरतात. नेट बंद पडत नाही, त्यामुळे हा दोष महिनोन्महिने लक्षात येत नाही. केबल बदलून पाहा. कॅट ५ई लिहिलेली साधी केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग देते. घरासाठी याहून महाग केबलची गरज क्वचितच पडते. केबल बदलूनही आकडा हलला नाही, तर राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्टच १०० मेगाबिटचं आहे का ते बघा. स्वस्त राउटरमध्ये ते सर्रास असतं, आणि तेव्हा मात्र राउटर बदलणंच योग्य.

वायरवर वेग आहे, हवेत नाही

आता खोल्यांमध्ये फिरून सिग्नल मोजा. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही अ‍ॅप चालेल. आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या एककात, आणि उणे चिन्हासह येतो. उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतात, उणे ७५ च्या खाली अडखळायला लागतं, उणे ८० नंतर जोडणी टिकेल याचा भरवसा नाही. दर ३ अंकांच्या घसरणीला सिग्नलची ताकद निम्मी होते, त्यामुळे उणे ६५ आणि उणे ७१ यांत दिसतो त्यापेक्षा खूप मोठा फरक आहे. मोजताना खोलीचं दार लावून घ्या. रोज जसं वापरता तसंच मोजायचं.

राउटरची जागा घराच्या मध्याजवळ आणि उंचावर, साधारण डोक्याच्या उंचीला असावी. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, फ्रीजला लागून किंवा बंद कपाटात तो ठेवू नका. मोठा आरसा आणि माशांची टाकीही सिग्नल अडवतात: आरशामागचा धातूचा थर लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. अँटेनाच्या लहरी दांडीच्या आडव्या दिशेने पसरतात, टोकाच्या दिशेला सर्वांत कमी जातात. म्हणून एकाच मजल्यासाठी अँटेना उभ्या ठेवा. वरच्या मजल्यावरही सिग्नल हवा असेल तर त्यातली एक आडवी करा.

फायबरची वायर कोपऱ्यातच संपते, ही नेहमीची अडचण. ती ओढून-वाकवून मध्यापर्यंत आणू नका. आत काच असते आणि तीव्र वळणावर प्रकाश बाहेर निसटतो. फायबरचा डबा आहे तिथेच राहू द्या आणि राउटर वेगळा असेल तर तेवढाच लॅन केबलने मध्ये आणा.

बँड निवडायचं साधं गणित असं. २.४ गिगाहर्ट्झ भिंतींतून लांब जातो, पण संथ असतो आणि त्यावर ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि शेजाऱ्यांचे राउटर यांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंतींत दमतो. टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर ठेवा. स्मार्ट बल्ब आणि प्लग बहुतेक २.४ वरच चालतात. ते जोडलेच जात नसतील तर फोन तात्पुरता २.४ वर आणून पाहा.

राउटरच्या सेटिंगचा पत्ता आणि पासवर्ड त्याच्या खालच्या स्टिकरवर असतो. तिथे २.४ साठी चॅनेल (बँडमधली मार्गिका) १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ३ किंवा ४ निवडून दोन्ही बाजूंचा गोंगाट ओढवून घेऊ नका. ५ गिगाहर्ट्झचं नाव मधूनच गायब होऊन थोड्या वेळाने परतत असेल, तर राउटर रडारसाठी राखलेल्या चॅनेलवर असू शकतो. रडारची चाहूल लागली की त्याला तो चॅनेल सोडावाच लागतो. ३६ ते ४८ मधला चॅनेल ठरवून द्या. सुरक्षिततेत, म्हणजे वाय-फायवरचा मजकूर गुप्त ठेवायच्या पद्धतीत, डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. जुना टीकेआयपी पर्याय असुरक्षित तर आहेच, शिवाय त्यावर वेग ५४ मेगाबिटच्या वर जातच नाही. राउटरला यूएसबी ३ ची हार्डडिस्क लावली असेल तर ती काढूनही एकदा मोजा. तिच्या वायरीतून २.४ च्या पट्ट्यात गोंगाट होतो.

तरीही एक खोली कोरडी राहिली तर

रिपीटर, म्हणजे वाय-फायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, लोक नेमका त्या कोरड्या खोलीत लावतात. तिथे सिग्नलच नाही, तर तो पुढे काय पाठवणार? तो वाटेत, जिथे उणे ६० ते ६५ मिळतं तिथे हवा. एकाच बँडवर ऐकून त्यावरच बोलणाऱ्या रिपीटरमुळे वेग जवळपास निम्मा होतो, हेही धरून चाला.

केबल नेता येत असेल तर घरातला जुना राउटरच उत्तम. त्यात अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (मुख्य राउटरचंच नेट वाय-फायवर पसरवणारी सेटिंग) असेल तर तो लावा. नसेल, तर मुख्य राउटरला जोडण्याआधी जुना राउटर लॅपटॉपला लावून त्याचा लॅन पत्ता (घरच्या नेटवर्कमधला त्याचा आयपी क्रमांक) बदला. पत्ता मुख्य राउटरच्याच मालिकेतला हवा, पण तो राउटर इतरांना वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा. मग डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय, बंद करा. ते चालू राहिलं तर दोन राउटर पत्ते वाटू लागतात आणि काही फोन जोडलेले दिसूनही नेट चालत नाही. नाव, पासवर्ड आणि सुरक्षा मुख्य राउटरसारखीच ठेवा, चॅनेल मात्र वेगळा. शेवटी मुख्य राउटरकडून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टात घाला, वॅनमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या पोर्टात) नको. वॅनमध्ये घातली तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि एका खोलीतल्या फोनला दुसऱ्या खोलीतला प्रिंटर सापडत नाही. खोली बदलूनही फोन लांबच्या राउटरला चिकटून राहत असेल, तर दोन्हींच्या २.४ ची ट्रान्समिट पॉवर (सिग्नल पाठवायची ताकद) सेटिंगमधून मध्यमवर आणा.