शिकारीचा क्रॉसबो घेण्याआधी: काय सोबत न्यायचं, काय तपासायचं

क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि ट्रिगर असलेलं आडवं धनुष्य, हातात घेण्याआधी कागदावर चार गोष्टी उतरवा: कोणत्या प्राण्यासाठी हवा, जास्तीत जास्त किती अंतरावरून सोडणार, मचाणावर बसणार की जमिनीवरच्या आडोशात, आणि दोरी कोण ओढणार. हे लिहिलेलं नसेल तर पुढचा सगळा निर्णय खोक्यावरचा एक आकडा घेऊन टाकतो, आणि तो आकडा नेहमी वेगाचा असतो. त्याच कागदावर, जिथे शिकार करायची तिथला कायदाही टिपा. ब्रिटनमध्ये 1981 च्या वन्यजीव कायद्याने प्राणी मारायला क्रॉसबो वापरणं बंद आहे, भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन्यप्राण्यांची शिकारच गुन्हा आहे, अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात. काही ठिकाणी दोरीचा किमान ताण आणि ब्रॉडहेडची, म्हणजे पात्यांच्या शिकारी टोकाची, किमान रुंदीही ठरवून दिलेली असते. हे सगळं पैसे मोजण्याआधी.

वेगाचा आकडा आधी जरा सोलून बघू, म्हणजे तो डोक्यातून निघेल. खोक्यावर सेकंदाला 400 फूट लिहिलेलं असतं, पण किती ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं बारीक एकक) बोल्टने, म्हणजे क्रॉसबोच्या आखूड बाणाने, ते शेजारी बारीक अक्षरात असतं, किंवा नसतंच. हलका बोल्ट लावला की वेग वाढतो. तुम्ही शिकारीला जो बोल्ट आणि जे ब्रॉडहेड वापरणार, ते बहुधा त्याहून जड असतं. ऊर्जा काढायचं सूत्र सोपं आहे: बोल्टचं ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले 450240, म्हणजे उत्तर फूट-पाउंडात. 400 ग्रेनचा बोल्ट 400 फुटांनी गेला तर 142 फूट-पाउंड. तोच 300 फुटांनी गेला तरी 80. हरणासाठी सर्वसाधारणपणे 40 च्या आसपास पुरेसे धरतात. म्हणजे आज बाजारातला संथ म्हणून नाक मुरडला जाणारा क्रॉसबोही त्या कामाला दुप्पट ताकदीने उभा आहे. शिवाय बोल्ट जड केला की वेग उतरतो, पण ऊर्जा सहसा थोडी वाढतेच, आणि आवाजही कमी होतो.

मग वेगाचा फायदा नेमका कुठे? अंतराचा अंदाज चुकला तर. सेकंदाला 350 फूट वेगाने जाणाऱ्या बोल्टसाठी 30 यार्डांची खूण धरली आणि प्राणी प्रत्यक्षात 40 यार्डांवर असला, तर बोल्ट साधारण सहा इंच खाली लागतो. 400 फूट वेगाला तीच चूक साडेचार इंचांच्या घरात येते. म्हणजे वाढीव पन्नास फुटांची किंमत मोजून हाती आला दीड इंच. अंतर मोजणारा साधा रेंजफाइंडर ती चूक मुळात होऊच देत नाही. आवाजाचंही असंच. ध्वनी सेकंदाला सुमारे 1125 फूट जातो, 40 यार्डांवरच्या प्राण्याला दोरी सुटल्याचा आवाज दशांश सेकंदात पोचतो. 350 वाल्या बोल्टला त्याहून सुमारे पाव सेकंद जास्त लागतो. बिचकलेलं हरीण तेवढ्या वेळात अंग खाली घेतं. वेग 425 केला तरी बोल्ट आवाजाच्या मागेच राहतो. तेव्हा शांत धनुष्य आणि जवळचं अंतर यांना माझं मत. ज्याला पटत नाही त्याने क्रोनोग्राफ (बोल्टचा वेग मोजणारं यंत्र) लावून आपला हिशेब मांडावा.

क्रोनोग्राफ तसाही पिशवीत हवाच. चाचणीला जाताना स्वतःचे निदान सहा सारखे बोल्ट न्या, प्रत्येकावर मार्करने क्रमांक घातलेले, आणि ग्रेन दाखवणाऱ्या तराजूवर टोकासकट तोललेले. दुकानदार हाती देईल त्या बोल्टवर भरवसा नको. मात्र तुमचे बोल्ट त्या मॉडेलच्या पुस्तिकेत बसतात का ते आधी पाहा: लांबी, किमान वजन आणि मुख्य म्हणजे नॉक, म्हणजे दोरी जिथे टेकते ते बोल्टचं मागचं टोक. सपाट, अर्धचंद्र आणि दोरीला पकडून बसणारे असे नॉकचे प्रकार आहेत, आणि एका क्रॉसबोला चालणारा दुसऱ्याला घातक ठरू शकतो. नॉक चुकीचा असेल तर दोरी बोल्टवरून घसरून वर जाते आणि धनुष्य जवळजवळ रिकामंच सुटतं. फार हलका बोल्ट लावला तरी लिंबांवर, म्हणजे धनुष्याच्या दोन्ही बाजूंच्या लवणाऱ्या भुजांवर, तोच आघात. त्याखेरीज रेंजफाइंडर, तुम्ही प्रत्यक्ष वापरणार ती ब्रॉडहेड, ॲलन की, दोरीचं मेण, डोळ्यांना चष्मा, टेकवायला भक्कम रेस्ट आणि त्या वेगाला पेलेल असं फोमचं टार्गेट. टार्गेटवर वेगाची मर्यादा छापलेली असते. ती ओलांडली तर बोल्ट पिसांपर्यंत घुसतो आणि ओढून काढता काढता दुपार जाते.

आता बोल्ट न लावता, दोरी न ओढता, नुसता खांद्याला लावून पाहा. स्कोपशिवाय (नेमाच्या दुर्बिणीशिवाय) सहा ते आठ पाउंड वजन हे आजकाल नेहमीचं. वजनापेक्षा तोल महत्त्वाचा: पुढचं तोंड जड असेल तर हाताने धरून नेम दहा सेकंदांत थरथरायला लागतो. जाड जाकीट आणि हातमोजे घालूनच हे करा, कारण थंडीत बटची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याची, लांबी वेगळीच वाटते आणि सेफ्टीचं बटण मोज्यातून सापडत नाही. पुढचा हात कुठे बसतो याकडे विशेष लक्ष द्या. अंगठा किंवा बोट रेलच्या, म्हणजे ज्या पट्टीवरून दोरी आणि बोल्ट धावतात तिच्या, वर आलं की दोरी ते नेते. ही या हत्यारावरची सगळ्यात ओळखीची इजा आहे, आणि पकडीच्या बाजूला रुंद गार्ड असला की ती बरीच टळते. गार्ड नसलेला क्रॉसबो कितीही देखणा असो, मी यादीतून काढतो. नंतर दोरी ओढलेल्या स्थितीतली रुंदी विचारा. काही मॉडेलं सहा इंचांवर येतात, साधी रिकर्व्ह (टोकाला चाकं नसलेली) त्याच्या कितीतरी पट पसरलेली राहतात. तंबूसारख्या आडोशात लिंबाचं टोक काठीला लागलं तर नेम राहिला बाजूला, धनुष्यच मोडेल.

दोरी ओढणं ही खरी परीक्षा, आणि दुकानात लोक नेमकी तीच टाळतात. 200 पाउंडांचा ताण नुसत्या हातांनी ओढणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं. कप्पीवाल्या दोरखंडाने तो साधारण निम्मा होतो, म्हणजे तरीही 100 पाउंड. क्रँक, म्हणजे फिरवून दोरी ओढायचा दांडा, असला तर लहान मुलाच्याही हाताला जमेल इतका हलका, पण हळू आणि कधी कधी कुरकुर करत. तुम्हीच ओढून पाहा, पाय रिकिबीत नीट घालून, सलग तीन-चार वेळा, कारण शेवटच्या खेपेला पाठ काय म्हणते त्यावरून खरा निकाल लागतो. पूर्ण ओढल्यावर दोरी खाचेत बसल्याचा आवाज स्पष्ट आला पाहिजे आणि सेफ्टी आपोआप लागली पाहिजे. बोल्ट नसताना ट्रिगर अडवणारी यंत्रणा आहे का, हे पुस्तिकेत वाचून खात्री करा. ती चालते का हे बघायला ट्रिगर दाबू नका.

ओढण्याआधी आणखी एक छोटं काम. दोरी सैल असताना रेलच्या दोन्ही कडांना लागून तिच्यावर मार्करने दोन रेघा मारा. ओढून झाल्यावर त्या रेघा रेलला दोन्ही बाजूंनी सारख्याच हव्यात. दोरी एका बाजूला किंचितही सरकली तर 40 यार्डांवर बोल्ट डावी-उजवीकडे इंचांनी भरकटतो, आणि माणूस उगाच स्कोपचे स्क्रू फिरवत बसतो. ज्या क्रॉसबोवर दर खेपेला रेघा जुळतात, त्याची अर्धी अचूकता तिथेच सिद्ध झाली.

आणि उतरवणं? हे विचारायचं सगळ्यांच्याच ध्यानातून जातं. दिवस संपला, प्राणी दिसला नाही, दोरी ताणलेलीच आहे. काही क्रँकवाल्यांत ती सावकाश मागे सोडता येते. बाकीच्यांत बोथट टोकाचा, पुस्तिकेत सांगितलेल्या वजनाचा बोल्ट मऊ मातीत किंवा टार्गेटमध्ये सोडावा लागतो, म्हणजे तो बोल्टही रोज सोबत बाळगणं आलं. तासन्‌तास ताणून ठेवलेल्या दोरीचं आयुष्य घटतं. किती वेळ चालेल ते प्रत्येक कंपनी वेगळं सांगते. मचाणावर चढवताना धनुष्य दोरीने वर घ्यायचं असतं, बोल्टशिवाय, म्हणून बांधायला मजबूत जागा आहे का तेही पाहून ठेवा.

नेमबाजीला बसताना आधी 20 यार्डांवर झीरो करा, म्हणजे नेम धराल तिथेच बोल्ट लागेल असा स्कोप जुळवा. वेगाप्रमाणे फिरवायची कडी असलेला स्कोप असेल तर ती तुमच्या क्रोनोग्राफच्या आकड्यावर लावा, खोक्यावरच्या नव्हे, आणि मग दूरच्या खुणेने 40 किंवा 50 यार्डांवर तपासा. बोल्ट खाली लागला तर कडी कमी वेगाकडे, वर लागला तर जास्तीकडे. बोल्टच्या पिसांतलं वेगळ्या रंगाचं पीस नेहमी खाली, रेलच्या खाचेत ठेवूनच बोल्ट लावा. प्रत्येक बोल्टसाठी वेगळा ठिपका घ्या, नाहीतर चांगल्या धनुष्यावर दुसरा बोल्ट पहिल्याच्या शेपटीत शिरतो आणि चांगलेपणाचा दंड भरावा लागतो. क्रमांकांचा उपयोग इथे: चार नंबरचा बोल्ट दर वेळी बाहेर जात असेल तर दोष धनुष्याचा नाही, चार नंबरचा आहे.

ट्रिगर या वेळी बोटाखाली समजतो. तीन-साडेतीन पाउंडांवर, आधी सरकल्याशिवाय, एकदम सुटणारा ट्रिगर 40 यार्डांवर जे देतो ते पन्नास फूट जास्तीचा वेग देत नाही. खरखरत, टप्प्याटप्प्याने मागे येणारा ट्रिगर असेल तर तो घासून सुधारेल या आशेवर घेऊ नका.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. शिकारीत दुसरा बोल्ट मिळत नाही. म्हणून एका दुपारच्या पंचवीस बोल्टांचा सुंदर गुच्छ बघून हुरळू नका; वेगवेगळ्या दिवशी, धनुष्य थंड असताना, रेस्टवरून उठून बसून सोडलेला पहिला बोल्ट एकाच कागदावर नोंदत जा. त्या पहिल्या बोल्टांचा गुच्छ हरणाच्या काळीज-फुप्फुसाच्या भागात, म्हणजे साधारण आठ इंचांच्या वर्तुळात, आरामात बसतो तेच तुमचं कमाल अंतर. कागदावर आधी लिहिलेलं अंतर याहून जास्त असेल तर ते खोडा. विकत घेण्याआधी इतके दिवस मिळत नसतील तर परिचिताकडचं त्याच मॉडेलचं धनुष्य मागून घ्या, किंवा रेंजवर भाड्याने मिळतं का पाहा.

ब्रॉडहेड लावून पुन्हा सोडा. सरावाच्या, बिनपात्याच्या गोळीटोकाने जिथे लागतं तिथेच पात्यांचं टोक लागेल असं नाही. स्थिर पात्यांची ब्रॉडहेड वेगवान धनुष्यावर हवेत वळतात, मिटून राहणारी तुलनेने सरळ जातात, पण हाडावर आपटल्यावर स्थिर पात्यांवर माझा भरवसा जास्त. वेगाचा हव्यास इथेही अंगाशी येतो: धनुष्य जितकं वेगवान, तितकं स्थिर पात्यांशी त्याचं जमवून घ्यायला वेळ लागतो.

धनुष्याचा आवाज तपासायला यंत्र नको. एका माणसाला सुरक्षित आडोशामागे, बाजूला उभं करा आणि दोन धनुष्यं आलटून पालटून सोडा. झालं.

किमतीचा विचार करताना पाटीवरची रक्कम बाजूला ठेवून पुढच्या पाच हंगामांचा खर्च मांडा. दोरी आणि कॅमच्या (लिंबांच्या टोकावरच्या चाकांच्या) केबली झिजतात, मधल्या भागावरचं धाग्याचं वेष्टन आधी जातं, मेण न लावल्यास आणखी लवकर. कंपाऊंड, म्हणजे कॅमवाल्या, क्रॉसबोची दोरी बदलायला प्रेस (लिंबं दाबून धरणारं यंत्र) लागते, म्हणजे कारागीर आणि त्याची रांग. रिकर्व्हची दोरी बदलणाऱ्या साधनाने तुम्ही स्वतः जागेवर बदलू शकता; कॅनडाची एक्सकॅलिबर कंपनी याच साधेपणासाठी ओळखली जाते. रुंदी आणि झटका जास्त, पण दूर रानात राहणाऱ्याने ही तडजोड मनापासून करावी. बोल्ट फक्त त्याच कंपनीचे चालतात का, त्यांचे नॉक वेगळे मिळतात का, हेही धरा. खोक्यात सोबत आलेला स्कोप, भाता आणि दोरखंड यांतलं नंतर फेकावं लागेल ते किमतीतून वजा करा. पुष्कळदा पहिला बळी स्कोपचाच जातो.

जुना घेणार असाल तर कापसाचा बोळा लिंबांवरून हळूच फिरवा. जिथे तंतू अडकले तिथे तडा किंवा सुटलेला पदर असू शकतो, आणि तसलं धनुष्य ओढून पाहायचंही नाही. कॅमच्या कडांवर ठेच, दोरीवर तुटके धागे आणि रेलवर आघाताच्या खुणा दिसल्या तर कधीतरी ते रिकामं सुटलेलं आहे असं समजा. अनुक्रमांक कंपनीला कळवून परत मागवलेल्या मालात तो आहे का विचारा. वॉरंटी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते, आणि दोरी व रिकामं सुटल्याचं नुकसान तिच्यात सहसा धरत नाहीत. नवा घेताना दुकानात माल परत घेण्याची मुदत किती, आणि दोरी एकदा ओढल्यावरही ती लागू राहते का, हे पावतीवरच लिहून घ्या.