अमेरिकेची राज्यघटना तेरा चिठ्ठ्यांवर कशी समजून घ्यावी

सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची मुलं माझ्याकडे इतिहास वाचायला बसतात. अमेरिका म्हटलं की १७७६ चं स्वातंत्र्य आणि १७८९ चा वॉशिंग्टन त्यांना पाठ असतो. मधली तेरा वर्षं गळतात, आणि खरी गोष्ट तर तिथेच आहे. मी ती कशी शिकवते ते सांगते. घरी एकट्यानंही जमेल.

पाठकोऱ्या कागदाच्या तेरा चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर एका राज्याचं नाव लिहा. सगळ्या एकाच आकाराच्या हव्यात. व्हर्जिनिया कितीही मोठं असो आणि डेलावेअर कितीही चिमुकलं, तेरा राज्यांनी आपसात केलेल्या, १ मार्च १७८१ ला लागू झालेल्या पहिल्या करारात प्रत्येक राज्याला एकच मत होतं.

सुरुवात आदर्शांपासून करू नका, तिजोरीपासून करा. त्या करारानुसार काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेला, कर लावायचा अधिकारच नव्हता. राज्यांकडे मागणी पाठवायची आणि वाट बघत बसायचं. युद्धाचं कर्ज डोक्यावर, सैनिकांचे पगार थकलेले. आयात मालावर पाच टक्के जकात बसवायची योजना निघाली, पण करार बदलायला तेराही राज्यांची संमती लागे. १७८२ मध्ये ऱ्होड आयलंडनं नकार दिला. ती एक चिठ्ठी बाजूला काढा: योजना पडली. मग १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधले कर्जबाजारी शेतकरी हत्यारं घेऊन उठले, आणि सगळ्यांचीच झोप उडाली.

काळ डोळ्यांपुढे आणायला मी मुलांना शनिवारवाड्याची आठवण करून देते. १७८७ च्या मे महिन्यात सवाई माधवराव तेरा वर्षांचे होते आणि कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता. त्याच महिन्याच्या २५ तारखेला फिलाडेल्फियात तो करार सुधारायला बैठक सुरू झाली, आणि तिथेच नवी राज्यघटना घडली. एकूण ५५ प्रतिनिधी आले, बारा राज्यांचे. ऱ्होड आयलंडनं कुणालाच पाठवलं नाही, म्हणून ती चिठ्ठी पालथी घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचा खेळ, इथे अर्धा तास द्या. व्हर्जिनियाची योजना होती की जागा लोकसंख्येप्रमाणे द्या. न्यू जर्सी म्हणे, आम्हाला बरोबरीचं मत हवं. तोडगा निघाला तो असा: एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, दुसऱ्यात, म्हणजे सिनेटमध्ये, सगळ्यांना सारख्या. १६ जुलैला मतदान झालं. न्यू यॉर्कचे दोन प्रतिनिधी रागानं निघून गेलेले, न्यू हॅम्पशायरचे अजून पोचलेच नव्हते. त्या दोन चिठ्ठ्याही पालथ्या. उरल्या दहा. कनेक्टिकट, न्यू जर्सी, डेलावेअर, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलिना बाजूने. पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, साउथ कॅरोलिना, जॉर्जिया विरोधात. मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधींत दोन-दोन अशी फूट, म्हणून ती चिठ्ठी मधोमध. पाच विरुद्ध चार! मॅसॅच्युसेट्समधला एक माणूस विरोधात वळला असता तर आजची सिनेट कशी असती, हे मुलांना विचारा आणि त्यांना बोलू द्या.

पुढचं पान घाईनं उलटू नका. लोकसंख्या मोजताना गुलामांचं काय? ठरलं की पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. मतदान ते करणार नाहीत, पण त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्याला जागा वाढवून मिळणार. घटनेत ‘गुलाम’ हा शब्द मात्र कुठेच नाही, ‘इतर व्यक्ती’ म्हटलंय. गेल्या वर्षी एका मुलीनं वहीत पाच काड्या काढल्या, दोन खोडल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही.

आता सगळ्या चिठ्ठ्या सुलट्या करून ओळीनं मांडा आणि मोठ्यानं वाचा. ऑगस्टच्या मसुद्यात उद्देशिका अशीच होती, तेराही राज्यांची नावं एकेक करून. पण घटना लागू व्हायला नऊ राज्यांची मंजुरी पुरणार होती, आणि ती नऊ कोणती हे कुणाला ठाऊक नव्हतं. मग नावं लिहायची कशी? अखेरच्या मसुद्यात गव्हर्नर मॉरिस (‘गव्हर्नर’ हे पद नव्हे, त्यांचं नावच) या प्रतिनिधीच्या लेखणीतून आलं, ‘आम्ही, संयुक्त संस्थानांचे लोक’. आपल्या ‘आम्ही, भारताचे लोक’शी ते ताडून पाहा. माझ्या अंगावर आजही काटा येतो.

१७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या. मंजुरीचा क्रम झरझर लावा: डेलावेअर पहिलं, ७ डिसेंबर १७८७, न्यू हॅम्पशायर नववं, २१ जून १७८८. न्यू यॉर्कमध्ये फक्त ३० विरुद्ध २७. ऱ्होड आयलंड आलं २९ मे १७९० ला, ३४ विरुद्ध ३२ मतांनी. तोवर वॉशिंग्टन यांच्या शपथेला तेरा महिने होत आले होते.

व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जॉर्ज मेसन यांनी सही नाकारली होती. त्यांच्या तक्रारींत पहिलीच ही, की नागरिकांच्या हक्कांची सनदच नाही. पुढे व्हर्जिनियाच्याच जेम्स मॅडिसन यांनी नव्या काँग्रेसमध्ये दुरुस्त्या मांडल्या आणि बारा दुरुस्त्या राज्यांकडे गेल्या. राज्यांची मंजुरी चालू असतानाच, १७९१ मध्ये, व्हरमाँट सामील झालं, म्हणून चौदावी चिठ्ठी करा. तीन चतुर्थांश म्हणजे किमान अकरा. एकेक चिठ्ठी पुढे सरकवा. अकरावी व्हर्जिनियाची, १५ डिसेंबर १७९१, आणि त्या दिवशी बारापैकी दहा दुरुस्त्या घटनेत गेल्या.