माहितीचं पुस्तक निवडताना या चुका टाळा

जून लागला की कोल्हापुरात माहितीच्या पुस्तकांची चौकशी वाढते. शाळा सुरू झालेल्या असतात, २६ तारखेला शाहू जयंती असते, वक्तृत्व स्पर्धांचे विषय जाहीर होतात. मग पालक ग्रंथालयाच्या काउंटरवर येऊन म्हणतात, "शाहू महाराजांवरचं काहीतरी चांगलं द्या." मागे रांग असते, त्यामुळे नुकतंच परत आलेलं आणि हाताशी असलेलं पुस्तक दिलं जातं. पंधरा दिवसांनी ते न उघडता परत येतं आणि घरी निष्कर्ष निघतो की पोराला वाचनाची गोडीच नाही. गोडी असते. पुस्तक चुकलेलं असतं.

कादंबरीला इतिहास समजणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं. ऐतिहासिक कादंबरीचे दोन मोठे लेखक आपल्याच जिल्ह्यातले, रणजित देसाई कोवाडचे आणि शिवाजी सावंत आजऱ्याचे. 'श्रीमान योगी' आणि 'छावा' इथं घरोघरी आहेत आणि असायलाच हव्यात. पण त्यातले संवाद लेखकांनी लिहिलेत, कुठल्या कागदावरून उतरवून घेतलेले नाहीत.

हे न सांगता पुस्तक हातात दिलं की काय होतं ते स्पर्धांमध्ये दिसतं. नववीतली मुलगी शिवाजी महाराजांचे शब्द म्हणून चार ओळी खणखणीत म्हणते, टाळ्या पडतात. परीक्षक शांतपणे विचारतात, "बाळ, हे महाराजांच्या कुठल्या पत्रात आहे?" मुलगी गप्प. घरात सगळ्यांनी तिला हेच इतिहासाचं पुस्तक म्हणून दिलेलं असतं, ओळी मात्र कादंबरीतल्या. स्पर्धेतले गुण गेले याचं फार वाईट वाटायला नको. पाठांतर करून, तयारीनं उभ्या राहिलेल्या पोरीला चारचौघांत खाली बघावं लागतं, त्याचं वाटतं. यात तिचा काहीही दोष नसतो.

त्यामुळे पुस्तक नेहमी मागून उघडावं. संदर्भसूची आहे का, तळटिपा आहेत का, नावांची सूची आहे का, ते आधी बघायचं. नंतर मधलं एक पान वाचायचं. बंद दालनात दोनच माणसं बोलतायत आणि लेखक शब्दन् शब्द देतोय, कुणाच्या मनात काय आलं तेही सांगतोय, तर ती कादंबरी, मुखपृष्ठावर काहीही लिहिलेलं असो.

तिसरी परीक्षा थोडी वेळखाऊ आहे, पण खरा निकाल तीच देते. आपल्याला पक्की माहीत असलेली एक गोष्ट त्या पुस्तकात शोधायची. शाहू महाराजांच्या चरित्रासाठी २६ जुलै १९०२ चा आदेश घ्या. 'महाराजांनी पन्नास टक्के आरक्षण दिलं' एवढं एक वाक्य लिहून लेखक पुढं गेला असेल तर ते गौरवपर पुस्तक समजा. भाषणाला चालेल, अभ्यासाला नाही. चांगलं चरित्र सांगतं की हा आदेश करवीर संस्थानच्या गॅझेटात छापला गेला आणि तो रिकाम्या होणाऱ्या जागांबद्दल होता. 'मागासलेले वर्ग' म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे, हेही त्यात येतं. आदेशानंतर झालेल्या नेमणुकांचा तक्ता खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी पाठवायचा, असंही आदेशात होतं. ही तक्त्याची बारीक गोष्ट ज्या पुस्तकात आहे, त्याच्या लेखकानं मूळ कागद पाहिलेला असण्याची शक्यता मोठी.

कादंबरी वाचायची नाही, असं कुणी म्हणत नाही. कादंबरी आणि चरित्र अशी जोडीच द्या. 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे. बहुतेक जण ती ओलांडून पहिल्या प्रकरणावर जातात. कादंबरी संपल्यावर का होईना, पण ती वाचाच.

मुखपृष्ठावरचं वय बघून पुस्तक घेणं

'वय ८ ते १२' हा शिक्का दुकानदाराला फळी लावायला उपयोगी पडतो. वाचणाऱ्या मुलाबद्दल तो फार कमी सांगतो. मुलाचं वय एकच असतं, पण विषय बदलला की त्याची वाचनाची इयत्ता बदलते. तालमीत जाणारा सहावीतला मुलगा धोबीपछाड, ढाक, कलाजंग हे शब्द न अडखळता वाचेल आणि नागरिकशास्त्राच्या धड्यात 'कार्यकारी मंडळ'पाशी थांबेल. त्याला 'वाचता येत नाही' म्हणून पाच वर्षांच्या मुलांचं चित्रांचं पुस्तक देणं म्हणजे त्याचा अपमान आहे.

तपासायची पद्धत साधी आहे. पुस्तकाच्या मधलं भरगच्च पान काढा आणि मुलाला मोठ्यानं वाचायला सांगा. अनोळखी शब्द आला की एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर पुस्तक सध्या जड आहे. दोन-तीन मिटली तर नेमकं. एकही मिटलं नाही तर एकट्यानं, मजेसाठी वाचायला ठीक. पहिल्या पानावर ही परीक्षा घेऊ नका, पहिलं पान सगळेच लेखक सोपं लिहितात.

एकदा विषय सापडला की त्यातूनच पुढं सरकायचं. कुस्तीच्या पोराला आधी डावपेचांचं, आकृत्या असलेलं पुस्तक. मग खाशाबा जाधवांचं चरित्र. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा क्रमांक आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक, या चार वर्षांत काय घडलं हे कळण्यासाठी तो पन्नास पानं सहज वाचतो. खाशाबा राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, त्यामुळे गोष्ट त्याच्या गावात येते. कोल्हापुरात एवढ्या तालमी कुठून आल्या, हा प्रश्न तिथं उभा राहतो आणि मग कुस्तीला आश्रय देणाऱ्या शाहू महाराजांचं चरित्र तो आपणहून मागतो. यात सहा महिने जातात. पंधरा दिवसांत मुलगा 'वाचायला लागला पाहिजे' अशी घाई असणाऱ्या पालकांचं इथं जमत नाही.

फाउंड्रीत काम करणाऱ्यांना, ऊस लावणाऱ्यांनाही हेच लागू आहे. शिरोलीच्या कारखान्यातल्या कामगाराला 'यशाचा मंत्र' छापाचं पुस्तक भेट देऊ नका, ओतकामाचं द्या. दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयांना आकडे देऊन पुस्तकं लावायची पद्धत, असलेल्या ग्रंथालयात ओतकाम ६७१.२ ला, शेती ६३० ला, पक्षी ५९८ ला, कुस्ती ७९६.८१२ ला मिळते. आकडा कळला की त्या फळीवरची शेजारची पुस्तकंही चाळून होतात.

लेखकाचं नाव बघून डोळे मिटून घेणं

जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले, म्हणून इथं त्यांची पुस्तकं आवर्जून भेट दिली जातात. पण 'यक्षांची देणगी' या विज्ञानकथा आहेत, 'आकाशाशी जडले नाते' खगोलशास्त्राची माहिती देतं आणि 'चार नगरांतले माझे विश्व' हे आत्मचरित्र. तारे ओळखायचेत त्या मुलाला आत्मचरित्र दिलं तर तो मिटून ठेवणारच.

जुनी प्रत

पुनर्मुद्रणाचं साल बघून फसू नका. साल नवं आणि मजकूर जुनाच, असं सर्रास असतं. 'सुधारित आवृत्ती' हे शब्द शोधा, तरीही एक-दोन खुणा तपासा. ग्रह नऊ लिहिले असतील तर मजकूर प्लूटो ग्रहांतून वगळला जाण्याआधीचा, म्हणजे ऑगस्ट २००६ पूर्वीचा. महाराष्ट्राचे जिल्हे ३५ असतील तर पालघर होण्याआधीचा, म्हणजे ऑगस्ट २०१४ पूर्वीचा. फौजदारी कायद्याचं पुस्तक १ जुलै २०२४ नंतर सुधारलेलं नसेल तर त्या तारखेपासून घडलेल्या गुन्ह्यांसाठी त्यातली कलमं धरून चालू नका, भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता त्या दिवशी लागू झाली. इतिहास आणि चरित्रांना मात्र हा नियम लावू नये, तिथं जुनी पुस्तकं कित्येकदा सरस असतात.

अनुवादित पुस्तकात मूळ पुस्तकाचं नाव आणि साल छापलेलं नसेल तर ठेवून द्या.

दहा पुस्तकांचा संच सवलतीत मिळतो म्हणून घेऊ नका. त्यातली दोन वाचली जातात.

व्हिडिओवर दहा मिनिटांत सारांश ऐकला म्हणजे पुस्तक वाचलं असं होत नाही. लेखक त्या निष्कर्षाला कसा पोचला, तो सगळा भाग सारांशातून गळतो, आणि माहितीच्या पुस्तकात वाचायचं असतं ते तेच. याबाबतीत तडजोड नको.

घरातल्या वयस्कर माणसांसाठी विषयाआधी टाइप बघा. अक्षर १४ पॉइंटच्या आसपास हवं, कागद चकाकणारा नको. सातशे पानांचा जाड ग्रंथ दुखऱ्या मनगटाला पेलत नाही. तोच मजकूर दोन भागांत मिळत असेल तर तो घ्या.

काउंटरवर काय सांगायचं

विकत घेण्याआधी ग्रंथालयातून आणून बघा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आपल्या गावात आहे, आणि तरी लोक न चाळलेल्या पुस्तकावर पाचशे रुपये घालतात. जाण्याआधी मराठी विश्वकोशातली त्या विषयाची नोंद वाचून घ्या, ती इंटरनेटवर फुकट आहे. तिथले नेमके शब्द ग्रंथपालांना सांगितले की शोध सोपा होतो. चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा. वाचणारा कितवीत आहे किंवा काय काम करतो, त्याला नेमकं काय जाणून घ्यायचंय, त्यानं शेवटचं पूर्ण केलेलं पुस्तक कोणतं आणि अर्धवट टाकलेलं कोणतं. अर्धवट टाकलेल्या पुस्तकाचं नाव लाजून लपवू नका. कितव्या पानावर सोडलं, तेही आठवत असेल तर लिहा. तिसाव्या पानाच्या आत सोडलं असेल तर बहुतेक वेळा भाषा जड गेलेली असते आणि त्याच विषयाचं सोपं पुस्तक मागायचं. शंभर पानांनंतर सोडलं असेल तर विषयच बदला.