ई-सायकलचं २५ चं लिमिट काढायला निघालात? आधी या चुका टाळा

मे महिन्यात आमच्या सोसायटीतला अकरावीतला एक मुलगा त्याची ई-सायकल ढकलत माझ्याकडे घेऊन आला. थ्रॉटल (हँडलचा अ‍ॅक्सिलरेटर) दिला की मोटर फिरल्याचा घर्रर्र आवाज यायचा, पण चाक जागचं हलायचं नाही. मागचं हब, म्हणजे चाकाच्या मधोमध जिथे मोटर बसते ते, उघडलं तर आतल्या तीन पांढऱ्या नायलॉनच्या गिअरपैकी दोघांचे दात साफ गेलेले आणि ग्रीसमध्ये भुगा मिसळून पिठल्यासारखं झालेलं. काय केलं होतंस विचारलं तर आधी "काही नाही काका" म्हणाला, मग हळूच सांगितलं की क्लासमधल्या मित्राने व्हिडिओ बघून ताशी २५ किलोमीटरला मोटर बंद करणारं लिमिट काढून दिलं आणि कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा, तो पण मोठा टाकला. दोन आठवडे मस्त पळाली म्हणे, मग हे.

मी गेली चार वर्षं पुण्यात वारजे ते बाणेर ई-सायकलनेच जातो-येतो, त्यामुळे ओळखीपाळखीतले लोक हा प्रश्न मला सारखा विचारतात. २५ ला मोटर साथ सोडते, कसं काढायचं? आणि सायकल बघितली की बहुतेक वेळा लक्षात येतं की ती मुळात २५ पर्यंत पोचतच नाहीये. १९-२० लाच दम टाकतेय. म्हणजे ज्या लिमिटवर राग आहे तिथपर्यंत गाडी गेलेलीच नाही. म्हणून सगळ्यात मोठी चूक हीच, की नीट तपासणी न करता थेट वायर कापायला बसायचं.

सुरुवात हवेपासून करा. हसू नका, खरंच सांगतोय. ई-सायकल आधीच २०-२२ किलोची, त्यात जाड टायर, आणि आपण हवा भरतो अंगठ्याने दाबून "ठीक आहे" म्हणत. टायरच्या कडेला किती पीएसआय ते छापलेलं असतं, ते वाचा आणि मीटर असलेल्या पंपानेच भरा. महिनाभर हात लावला नाही तर सायकलच्या ट्यूबमधली हवा बरीच उतरते, मोटरसायकलसारखं नाहीये ते. मग चाक उचलून हाताने फिरवा आणि कान द्या. डिस्कला पॅड घासत असेल तर चर्र चर्र असा बारीक आवाज येतो आणि चाक दोन-तीन फेऱ्यांत थांबतं. कॅलिपरचे (पॅड धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट सैल करून, ब्रेक दाबून धरून परत आवळले की बहुतेक वेळा काम होतं. पुढचं चाकही तपासा, सगळे फक्त मोटरवालं मागचंच बघतात.

ब्रेकच्या लिव्हरमध्ये एक कटऑफ स्विच असतो हे खूप जणांना माहीतच नसतं. ब्रेक दाबला की मोटर बंद व्हावी म्हणून तो दिलेला असतो. पावसाळ्यात चिखल-पाणी जाऊन लिव्हर एक-दोन मिलिमीटर आतच अडकून राहते, डोळ्याला दिसत पण नाही, आणि कंट्रोलरला वाटतं ब्रेक लागलाय, मग मोटर मधूनच येते मधूनच जाते. लोक याला "लिमिट लागतंय" म्हणतात. चालवताना लिव्हर बोटाने बाहेर ढकलून बघा, लगेच फरक पडला तर रोग सापडला. तसंच पेडलजवळ गोल चकती असते, तिच्यात छोटी लोहचुंबकं बसवलेली असतात आणि शेजारी सेन्सर. चकती सरकली किंवा मध्ये चिखल बसला की असिस्ट, म्हणजे पाय मारताना मिळणारी मोटरची साथ, तुटक मिळते. जुना टूथब्रश घेऊन साफ करा, सेन्सर चकतीच्या जवळ आहे पण घासत नाही एवढं बघा, बस.

आता डिस्प्लेचं बोलतो, कारण इथे खरी गंमत आहे आणि इथेच कायदेशीर मार्गाने हक्काचा स्पीड परत मिळू शकतो. डिस्प्लेमध्ये चाकाचा साइज भरलेला असतो. समजा तुमचं चाक २६ चं आहे आणि दुकानदाराने किंवा कोणीतरी सेटिंग २९ वर ठेवलंय. मग डिस्प्ले २५ दाखवतो तेव्हा तुम्ही खरे साडेबावीसच्या आसपास असता, आणि मोटर तिथेच थांबते. मोकळ्या सरळ रस्त्यावर मोबाईलचं जीपीएस लावून एकदा ताडून बघा. फरक असेल तर जे खरं चाक आहे तेच भरा. उलटी लबाडी करू नका, म्हणजे मोठं चाक असताना छोटं भरून मोटरला फसवणं. तसं केलं की स्पीड चुकीचा, किलोमीटर चुकीचे, मग रेंजचा अंदाज चुकीचा आणि एक दिवस चांदणी चौकाच्या चढाखाली बॅटरी संपलेली. आपण किती वेगात आहोत हे न कळणं ही धोक्याची गोष्ट आहे, त्यात हुशारी नाही.

बॅटरीचं पण समजून घ्या. ३६ व्होल्टची बॅटरी म्हणजे आत १० सेल एकामागे एक, फुल चार्जला ४२ व्होल्ट. हब मोटरचा कमाल वेग थेट व्होल्टेजवर ठरतो, त्यामुळे बॅटरी उतरत ३३ वर आली की तीच मोटर साधारण एक पंचमांश हळू फिरते. सकाळी जाताना पळणारी सायकल संध्याकाळी येताना मंद वाटते ती यामुळे. बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल तर जोर लावला की व्होल्टेज आणखी खाली बसतं. अशा सायकलचं लिमिट काढून हाती काय लागणार, २५ ला पोचायचीच मारामार असते. आणि ज्यांची बॅटरी ठणठणीत आहे त्यांनाही सांगतो, नेहमीच्या ३६ व्होल्टच्या गिअरवाल्या हब मोटरला ३० च्या आसपास तिची स्वतःचीच हद्द येते. म्हणजे सगळा खटाटोप चार-पाच किलोमीटरसाठी.

मग त्यापुढे जायला लोक ४८ व्होल्टची बॅटरी आणतात, आणि ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. ४८ ची बॅटरी फुल चार्जला ५४.६ व्होल्ट देते. ३६ च्या कंट्रोलरमध्ये कित्येकदा ५० व्होल्टपर्यंतचेच कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) असतात, उघडून बघितलं तर त्यांच्या अंगावर आकडा छापलेला दिसतो. ते फुगतात नाहीतर फुटतात, सोबत आतले स्विच जळतात, आणि पूर्ण कंट्रोलर गेला. नाही गेला तरी जास्त करंट मोटरमध्ये जातो आणि ते नायलॉनचे दात, जे २५० वॉटसाठी बनवलेत, ते सोलून निघतात. त्या मुलाच्या सायकलचं मोठ्या कंट्रोलरमुळे नेमकं हेच झालं होतं. शिवाय जोर वाढला की मागच्या फोर्कच्या खाचेत मोटरचा आस फिरायला बघतो. तो फिरला तर वायर पिळून तुटते आणि चाक बाहेर येऊ शकतं. तिथला खाचेत बसणारा वॉशर आणि नट नीट आवळलेला आहे का हे तर लिमिट काढा किंवा नका काढू, दर महिन्याला बघाच.

दोन बॅटऱ्या जोडून किंवा बॅटरीतला बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं सर्किट) बायपास करून जास्त करंट काढायचा सल्ला कोणी दिला तर तिथून उठून या. बीएमएस करंट तोडतो तो सेल वाचवायला. लिथियमची बॅटरी पेटली की घरातल्या घरात ती विझवणं आपल्या हातात राहत नाही आणि आपण ती चार्जिंगला लावतो कुठे, तर दाराशी, जिन्याखाली, म्हणजे बाहेर पडायच्या वाटेवरच.

ब्रेकचा हिशोब तर कोणीच करत नाही. वेग २५ चा ३५ झाला म्हणजे दीडपटसुद्धा नाही, पण थांबायला लागणारं अंतर जवळपास दुप्पट होतं. कोरड्या रस्त्यावर बरा ब्रेक असेल तर २५ वरून साधारण ५ मीटरमध्ये थांबता, ३५ वरून साडेनऊ-दहा, आणि यात आपल्याला समोरचं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर धरलेलंच नाही. सायकलचे वायरवाले डिस्क ब्रेक, बारीक स्पोक, साधा फोर्क, हे सगळं त्या वेगासाठी बनवलेलं नसतं. हवेचा अडथळा पण असाच वाढतो, ३५ ला हवा कापायला २५ च्या मानाने पावणेतीनपट ताकद लागते, म्हणून रेंज धाडकन पडते आणि मग लोक बॅटरी खराब आली म्हणून दुकानात भांडायला जातात.

कायद्याचं थोडं खोलात सांगतो कारण इथे फार गैरसमज आहे. "सायकलच आहे, कोण पकडतंय" असं म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम २(यू) मुळे आपल्या सायकलला लायसन्स, नंबर प्लेट, इन्शुरन्स लागत नाही. तिथे अटी आहेत, मोटरची ३० मिनिटांची पॉवर (म्हणजे अर्धा तास सलग देता येईल ती) ०.२५ किलोवॉटपेक्षा, म्हणजे २५० वॉटपेक्षा कमी हवी, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, आणि पेडल असिस्टवाल्या सायकलची मोटर हळूहळू कमी होत २५ ला पूर्ण बंद व्हायला हवी. याची चाचणी होते, आपल्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही वाहनांची चाचणी-संशोधन संस्था अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकीच एक. लिमिट काढलं की ही सूट गेली. तुमची सायकल त्या क्षणी मोटार वाहन झाली, तेही रजिस्ट्रेशन नसलेलं, इन्शुरन्स नसलेलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल करायला मनाई करतं आणि कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. विनालायसन्स चालवल्याचे ५,००० वेगळे.

पण मला खरी काळजी वाटते ती पालकांची. लायसन्स लागत नाही म्हणूनच आपण नववी-दहावीच्या मुलांना क्लासला जायला ही सायकल घेऊन देतो ना. पोराने लिमिट काढलं आणि कोणा म्हाताऱ्या माणसाला धडक दिली, तर अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवलं असा तो विषय होतो, आणि कलम १९९अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. समोरच्याची भरपाई वर, ती पण खिशातून, कारण पॉलिसीच नाही. त्या मुलाच्या वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना सायकलमध्ये काही बदल झालाय हेच माहीत नव्हतं. म्हणून मुलांची सायकल महिन्यातून एकदा स्वतः चालवून बघा, सपाट रस्त्यावर पाय न मारता ती ३० ला जात असेल तर काहीतरी केलेलं आहे.

जर्मनीत वगैरे राहणाऱ्या आपल्या लोकांनी तर अजून सांभाळून. तिथेही २५ आणि २५० वॉटचाच नियम, त्यावर गेलं की ती एस-पेडेलेक, म्हणजे वेगवान ई-सायकलींचा वेगळा वर्ग, मग तिला इन्शुरन्सची प्लेट आणि मोपेडचं लायसन्स लागतं आणि सायकलच्या वेगळ्या मार्गावरून चालवता येत नाही. बॉशच्या मोटरमध्ये छेडछाड ओळखणारं सॉफ्टवेअर आहे, ते पकडलं की ५०४ नंबरचा एरर येतो आणि मोटर जेमतेम साथ देते.

मग जोरात जायचं असेल तर? एक रस्ता आहे आणि तो पूर्ण नियमात बसतो, पण कोणी सांगत नाही. मोटर २५ ला थांबते, तुमचे पाय थांबत नाहीत. अडचण अशी की बऱ्याच सायकलींना पुढे छोटं चक्र असतं, त्यामुळे २५ च्या पुढे पाय हवेत फिरल्यासारखे फिरतात, जोरच लागत नाही. साडेसत्तावीसच्या चाकाला पुढे ४४ दात आणि मागे १८ असतील तर २५ ला तुम्हाला मिनिटाला जवळजवळ ८० वेळा पाय फिरवावे लागतात. मागचं फ्रीव्हील, म्हणजे ते मागचं दातांचं चक्र, १६ चं टाकलं की तेच ७० वर येतं, आणि सपाटीला २७-२८ स्वतःच्या ताकदीवर आरामात धरता येतात. चढाला जरा जड जातं, पण तिथे मोटर असतेच सोबत. माझ्या सायकलला हेच केलंय. सायकलवाल्याकडे फ्रीव्हील काढायचा पाना असतो, तुमच्याच समोर बदलून घ्या, आणि चेन झिजलेली असेल तर तीही त्याच वेळी बदला, जुनी चेन नव्या दातांवर उड्या मारते.

आणि चढावरच्या स्पीडसाठी कोणी लिमिट काढत असेल तर ते तर साफच चुकलं. चढावर आपण १४-१५ ला असतो, २५ च्या लिमिटचा तिथे काही संबंधच येत नाही. तिथे हलका गिअर, भरलेली बॅटरी आणि चढ लागायच्या आधीच असिस्टची लेव्हल वाढवणं एवढंच कामाला येतं.

वेळेचा हिशोब पण एकदा करा. १२ किलोमीटरला २५ ने २९ मिनिटं, ३२ ने साडेबावीस, आणि हे रस्ता सलग मोकळा मिळाला तर. माझ्या वाटेवर सिग्नल, वळणं, खड्डे धरून प्रत्यक्षात दोन-तीन मिनिटांच्या वर फरक पडणार नाही. रोज २५-३० किलोमीटर एका बाजूला जायचं असेल तर मात्र सायकल हे साधनच नाही त्यासाठी, सरळ हिरव्या नंबर प्लेटची रजिस्टर्ड इलेक्ट्रिक स्कूटर घ्या, तिचे ब्रेक, टायर, फ्रेम त्या वेगासाठीच बनवलेले असतात आणि इन्शुरन्सही असतो.

त्या मुलाच्या सायकलला आम्ही नवे गिअर बसवले, जुना २५० वॉटचा कंट्रोलर परत लावला, सेटिंग होतं तसं केलं आणि मागचं फ्रीव्हील बदललं. परवा सकाळी कर्वेनगरच्या सिग्नलनंतर मला ओव्हरटेक करून गेला, डिस्प्ले बघायला जमलं नाही पण पाय मारत होता हे नक्की दिसलं.