पायपायवर सी एक्स्टेन्शन चालवताना

पायपाय म्हणजे पायथनचा पर्यायी इंटरप्रिटर; तो प्रोग्राम चालू असतानाच त्याचं मशीन कोड करतो (याला जेआयटी म्हणतात). नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्रा आवकेच्या फायली ओळीओळीने वाचणारा साधा पायथन प्रोग्राम पायपायवर सहसा बराच वेगात चालतो. अडतं ते 'इम्पोर्ट नमपाय'पाशी. नमपाय (आकडेमोड), एलएक्सएमएल (एक्सएमएल वाचणं), सायकोपीजी२ (पोस्टग्रे डेटाबेस) ही सी एक्स्टेन्शन, म्हणजे सी भाषेत लिहिलेले भाग असलेली पॅकेजेस. त्यांचा गाभा सीपायथनच्या (नेहमीच्या पायथनच्या) सी-एपीआयवर, म्हणजे सी कोडला पायथनशी जोडणाऱ्या फंक्शनांवर बेतलेला असतो. पायपाय तो एपीआय 'सीपायएक्स्ट' नावाच्या थरातून पुरवतो.

सीपायथनचं साइट-पॅकेजेस फोल्डर कॉपी करून काही होणार नाही, त्यातल्या .एसओ फायली (कंपाइल केलेली एक्स्टेन्शन) पायपाय उचलतच नाही. 'पायपाय३ -एम व्हेन्व्ह' वापरून वेगळं एन्व्हायर्नमेंट करा आणि आधी पिप (पॅकेज इन्स्टॉल करणारं साधन) अपग्रेड करा. मग '--ओन्ली-बायनरी=:ऑल:' लावून इन्स्टॉल करा. व्हीलच्या (आधीच बिल्ड केलेल्या पॅकेज फाइलच्या) नावात 'पीपी३१०' असेल तर ते पायपाय ३.१० चं, 'सीपी३१०' किंवा 'एबीआय३' असेल तर चालणार नाही. हा पर्याय न लावल्यास, योग्य व्हील नसेल तर पिप गुपचूप सोर्स उतरवून बिल्ड करायला बसतो आणि स्क्रीनभर एरर येतात.

व्हील नसेलच तर बिल्ड करावं लागेल. उबुंटूवर बिल्ड-इसेन्शियल हवं. पायपाय एपीटीने घेतलं असेल तर पायपाय३-डेव्हही. एलएक्सएमएलला लिबएक्सएमएल२-डेव्ह आणि लिबएक्सएसएलटी१-डेव्ह लागतात, नमपायला लिबओपनब्लास-डेव्ह. नमपायच्या बिल्डमध्ये वापरलं जाणारं निंजा हे साधन सगळे कोअर जुंपतं; मे महिन्यात नागपुरात दुपारी लॅपटॉपवर बिल्ड लावणार असाल तर '-जे२' (एकावेळी दोनच कामं) द्या, नाहीतर रात्रीच लावा.

'अनडिफाइन्ड सिंबॉल' आला आणि नाव '_पीवाय'ने सुरू होत असेल, तर एक्स्टेन्शन सीपायथनचं खासगी फंक्शन वापरतंय. जीसीसी (सी कंपायलर) १४ पासून हीच चूक अनेकदा कंपाइल करतानाच अडते. सायथनने (पायथनसारख्या कोडपासून सी कोड बनवणाऱ्या साधनाने) तयार केलेली जुनी सी फाइल असेल तर ती काढून टाका आणि नव्या सायथनने पुन्हा तयार करा. बऱ्याचदा एवढ्यानेच भागतं. इम्पोर्ट होऊन मध्येच सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लागून प्रोग्राम बंद पडणं) आला तर बॉरोड रेफरन्सवर, म्हणजे मालकी न घेता वापरलेल्या ऑब्जेक्टच्या संदर्भावर संशय घ्या. सीपायथनमध्ये तो ऑब्जेक्ट दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवल्यामुळे चूक झाकली जाते, इथे उघडी पडते.

आता वेग. सीकडे जाणाऱ्या ऑब्जेक्टसाठी पायपायला रेफरन्स काउंटसह (ऑब्जेक्ट किती ठिकाणी वापरात आहे त्याच्या मोजणीसह) वेगळा पायऑब्जेक्ट (सी-एपीआयच्या रूपातला ऑब्जेक्ट) उभा करावा लागतो, कारण त्याचा स्वतःचा कचरा-संकलक (गार्बेज कलेक्टर) ऑब्जेक्ट मेमरीत हलवत राहतो. म्हणून लूपमध्ये नमपायचा एकेक घटक वाचणं महाग पडतं. अख्ख्या अ‍ॅरेवर एकच क्रिया करा, किंवा लूप ठेवायचाच तर साधी लिस्ट वापरा. जेआयटी साध्या लिस्टवरच खुलतो.

स्वतःची सी लायब्ररी जोडायची असेल तर सी-एपीआयच्या वाटेला जाऊ नका. सीएफएफआय (पायथनमधून सी फंक्शन बोलावण्याची लायब्ररी) पायपायसोबतच येतं आणि त्याचे कॉल जेआयटीला समजतात. पोस्टग्रेसाठी सायकोपीजी२सीएफएफआय आहे. पायटॉर्च (मशीन लर्निंगची लायब्ररी) लागत असेल तर तेवढा भाग सीपायथनच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवा आणि डेटा फाइल किंवा सॉकेटमधून द्या.