‘दाह माकान?’ला उत्तर काय द्यायचं: मलेशियात नव्याने येणाऱ्यांसाठी

पेटालिंग जयात राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. इथे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ‘दाह माकान?’ शिकवते. म्हणजे ‘जेवलात का?’ लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, फोन उचलल्या उचलल्या, मलय, चिनी, तमिळ सगळेच हे विचारतात. ‘सुदाह’, म्हणजे ‘झालं’, एवढं उत्तर पुरतं. ‘बलुम’, म्हणजे ‘अजून नाही’ म्हणालात, तर समोरचा खरंच जेवायला घेऊन जाईल. वेळ असेल तेव्हा जरूर म्हणा. माझ्या इथल्या बहुतेक मैत्री अशाच जुळल्या.

बहुधा तुम्हाला मामाकमध्ये नेतील. मामाक म्हणजे तमिळ मुसलमानांची खाणावळ; कित्येक तर चोवीस तास उघड्या. वेटरला ‘बॉस’ म्हणा. ‘तेह तारिक, कुरांग मानिस’ असं सांगितलं की कमी गोड, फेसाळ दुधाचा चहा येतो. ‘तेह ओ’ म्हणजे बिनदुधाचा, ‘कोसोंग’ म्हणजे बिनसाखरेचा. बिल मागताना ‘बॉस, किरा’. बांधून हवं असेल तर ‘तापाव’. शाकाहारी असाल तर ‘आदा ब्लाचान?’ असं विचारायची सवय लावून घ्या. ब्लाचान म्हणजे वाटून आंबवलेली कोळंबी. ती सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत असते, आणि पालेभाजीतही घालतात. नासी लमाकवर, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भातावर, तर वाळवलेले छोटे मासेच असतात. विचारलं म्हणून कुणी नाक मुरडत नाही. इथे प्रत्येकाचं काहीतरी वर्ज्य असतंच, त्यामुळे ऑफिसचं जेवण ठरवताना आधी सगळ्यांना काय चालतं ते पाहतात आणि मग जागा.

आता हाका. थोरल्या बहिणीला ‘काकाक’ म्हणतात, पण शेवटचा ‘क’ गळ्यातच राहतो आणि ऐकू येतं ‘काका’. दुकानातल्या बाईंना ‘काका’ अशी हाक ऐकून दचकू नका; बोलताना नुसतं ‘काक’ म्हटलं तरी चालतं. मलय माणसाला आडनाव नसतं. ‘बिन’ किंवा ‘बिंती’च्या पुढे असतं ते वडिलांचं नाव, म्हणून ‘एन्चिक’ (श्री) किंवा ‘पुआन’ (श्रीमती) लावून त्यांच्या स्वतःच्याच नावाने बोलवा. चिनी नावात मात्र आडनाव आधी येतं.

मलय बाईंशी हस्तांदोलनासाठी पुरुषांनी आपणहून हात पुढे करू नये. त्यांनी केला तर हलकेच स्पर्श करून उजवा हात छातीशी न्यावा. बोट दाखवणं उद्धट समजतात. मूठ मिटून उजव्या अंगठ्याने दिशा दाखवतात. आपल्याकडे अंगठा दाखवण्याचा अर्थ अगदीच वेगळा, त्यामुळे ही सवय लागायला मला वर्ष लागलं.

सगळ्यात सुंदर प्रथा म्हणजे ‘रुमाह तरबुका’, सणाला सर्वांसाठी उघडं घर. हारी रायाला, म्हणजे ईदला, मलय घरी, चिनी नववर्षाला चिनी घरी, दीपावलीला आपल्याकडे. चपला बाहेर काढा. चिनी घरी संत्री न्यावीत, दोन, दोन्ही हातांनी. मलय घरी काय न्यावं हे मी चुकूनच शिकले. पहिल्याच रायाला मी मोठ्या हौसेने पुडिंग केलं. यजमानीण बाईंनी बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘जिलेटिन कुठलं?’ डुकराचंही असतं हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी चारचौघांत एक शब्द काढला नाही. तेव्हापासून मी फळंच नेते.

रायाच्या भेटीत ‘माफ झाहिर दान बातिन’ म्हणा. उघड घडलेल्या आणि मनात राहिलेल्या चुकांची माफी. यातला ‘माफ’ शब्द तर आपलाच. एका दिवशी तीन-चार घरं असतात, तेव्हा पहिल्या घरी रनडांग (नारळाच्या दुधात आटवलेलं मसालेदार मांस) आणि कतुपात (पानांच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात) चमचाभरच घ्या. चव न घेता उठणं मात्र बरं दिसत नाही. मुलांच्या हातात पैशांचं हिरवं पाकीट पडेल, ते उजव्या हाताने घ्यायला शिकवून ठेवा. निघताना डबा भरून दिला तर घ्या, आणि पुढच्या दीपावलीला त्याच डब्यात चकल्या घालून परत करा.